लॉगचा मालक कोण?

"गुन्हेगाराला माझं नाव ऐकूनच घाम फुटतो. माझी नजर म्हणजे एक्स-रे, कान म्हणजे रडार, आणि बुद्धी... बुद्धीबद्दल स्वतःच्या तोंडाने काय बोलायचं!"

हे मामा स्वतःच्याच तोंडाने बोलतात, रोज, चहाच्या आधी. ते आमच्या औषधांच्या शीतगृहाचे सुरक्षाप्रमुख. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणतं. मी मात्र खरोखरची भाची, इथली कॉम्प्युटरवाली आणि नाइलाजाने त्यांची सहायक.

त्या सकाळी खोलीचं तापमान लिहून ठेवणारा आमचा प्रोग्रॅम लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एक अक्षर लिहीना. थर्मामीटरच्या यंत्रात दिवसभराचेच आकडे मावतात. संध्याकाळपर्यंत ते लॉगमध्ये उतरले नाहीत तर पुसले जाणार. नोंद नाही म्हणजे खोलीभर इन्सुलिन कचऱ्यात, आणि मागोमाग मी घरी.

पडद्यावर एकच ओळ होती : 'परवानगी नाकारली.'

मामांचे डोळे चमकले. "भाचीबाई, इथे एवढ्यात परवानगी कुणाला नाकारली होती?"

"हिशेबवाल्या ताईंना. रजेची."

"सापडला धागा! सूड आहे हा, सूड!"

"अहो मामा, हे कॉम्प्युटर म्हणतोय. प्रोग्रॅमला लॉगच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाहीये."

"म्हणजे कॉम्प्युटरही फितूर!"

मग संशय एसीच्या मेकॅनिकवर गेला, कारण त्याचे हात थंड होते. त्यानंतर प्रिंटरवर, कारण तो काहीच बोलत नव्हता. मी फोल्डर बघायला बसले की मामा "पुराव्याला हात लावू नकोस!" म्हणून कीबोर्ड रुमालात गुंडाळायचे. दुपार अशीच गेली, आणि मला मामांचा मनापासून राग आला.

शेवटी ताईंची उलटतपासणी ठरली. ताई आल्या, त्यांनी रुमाल बाजूला केला, फोल्डरवर टिचकी मारली आणि मोठ्याने वाचलं, "मालक : साहेब. लिहिण्याची परवानगी : फक्त मालकाला. अगं, इथे मालक म्हणून प्रोग्रॅमचं नाव असायचं ना?"

मामा खाकरले. मुख्य पासवर्ड त्यांच्याकडेच असतो.

"ते मी बदललं. काल संध्याकाळी, सुरक्षा तपासताना. साहेब धडधाकट असताना मालक म्हणून एका प्रोग्रॅमचं नाव? हा उद्धटपणा मी चालू देऊ?"

लोकांना कुणीतरी मामा बनवावं लागतं. आमचे स्वयंभू आहेत.

मी त्यांच्याकडून पासवर्ड टाकून घेतला आणि प्रोग्रॅमला त्याचा फोल्डर परत दिला. पडद्यावर भराभर ओळी उतरू लागल्या : चार अंश, चार अंश, साडेचार. मला रडूच फुटलं. मी ताईंना मिठी मारली.

गलका ऐकून साहेब आले. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मामांची छाती हळूहळू आत गेली.

"मामा," साहेब म्हणाले, "घरी टीव्हीच्या रिमोटवरही माझी मालकी चालत नाही. इथे एक दिवस मिळाली होती, तीही काढून घेतलीत?"