माणिकअप्पांचा इजाला

माणिकअप्पांना कुणी शिवी दिली तर ते लगेच चिडायचे नाहीत. आधी मान वळवून इकडंतिकडं बघायचे आणि विचारायचे, "तिसरं कोण हाय का हितं?" कुणी नसलं की "मग जा बाबा, सोडलं तुला" म्हणून त्याच माणसाला विडा लावून द्यायचे. पण तिसरं कुणी असलं, की मग काही खरं नाही. अडकित्ता आपटून ओरडायचे, "इजाला! इजाला झाला माझा! चल अदालतीत!"

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, आमच्या कल्याणीची. आता बसवकल्याण म्हणतात. अदालतीसमोर अप्पांचं पानाचं दुकान आणि त्याला चिकटून माझं बांगड्यांचं. अदालतीचा कारभार सगळा उर्दूत. अब्रूनुकसानीला तिथं म्हणायचे इजाला-ए-हैसियत-ए-उर्फी. एवढं लांबलचक नाव वकिलांच्या तोंडून ऐकून ऐकून अप्पांना पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं वाया घालवणारा तो माणूस नव्हे. गिऱ्हाईक पान मागायचं आणि चुन्याबरोबर थोडा कायदाही खाऊन जायचं.

"हे बघ," ते मला समजवायचे, "तू मला एकट्याला गाठून चोर म्हणलीस, तर माझं काय गेलं? मी चोर न्हाई हे मला ठाव हाय. पण तू हेच त्या पलीकडच्या शिंप्याला सांगितलंस, की त्याच्या मनातला माणिकअप्पा नासला. अब्रू आपल्यापाशी नसती बाई, दुसऱ्याच्या मनात असती."

"चोर कशाला म्हणू अप्पा? सुपारीत काड्या घालता, एवढंच म्हणेन."

"तिसरं कोण हाय का?" लगेच मान वळायची.

एकदा त्या शिंप्यानं त्यांना खरंच गाढव म्हटलं. समोर एकच म्हातारा बसलेला, तोही ठार बहिरा. आता बहिरा तिसरा धरायचा की नाही? अप्पांची झोप उडाली. शेवटी त्यांनी रोज पानाला येणाऱ्या वकीलसाहेबांना गाठलं. वकीलसाहेबांनी पान चघळत बराच विचार केला आणि म्हणाले, "माणिकअप्पा, उनो सुन्याच नै तो तुमारा क्या बिगड्या?" अप्पांनी शिंप्याला माफ केलं, पण त्या म्हाताऱ्याला पुन्हा कधी दुकानापुढं बसू दिलं नाही.

दुसऱ्या खेपेला औरादकडचा एक गाडीवान त्यांना तेलुगूत काहीतरी घाण बोलला. दुकानापुढं चौघं उभे. आमच्याकडं मराठी, कन्नड, उर्दू सगळ्यांनाच येतं, पण तेलुगू त्या चौघांत एकालाही कळेना. अप्पांना कळलं, कारण त्यांचं आजोळ तिकडचं. बाकीचे आपले खुळ्यासारखे हसत उभे. "हसायलाव कामून? ह्यो मला काय म्हणला कळलं का?" असं म्हणून अप्पांनी ती शिवी मराठीत सांगितली, मग कन्नडात सांगितली, आणि एकाच्या चेहऱ्यावर शंका दिसली म्हणून उर्दूतही सांगितली. वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. "अब तो इजाला तुमीच करे जी!" अप्पा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी मात्र बांगड्या फुटेपर्यंत हसले.

महिन्यातून एकदा मी पेटी घेऊन जवळच्या कोहिनूर गावाला बांगड्या भरायला जायची. त्या दिवशी अप्पांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. कात दोनदा लावायचे, सुपारी विसरायचे. मी परतले की हळूच विचारायचे, "तिचे हात भरलेले हायेत न्हवं?"

तिचे म्हणजे सुभद्राक्काचे, अप्पांच्या बायकोचे. ती वीस वर्षं माहेरी होती, कोहिनूरला. "हिरव्या घालून आलेय, डझनभर," मी म्हणायची. ऐकून अप्पांचा चेहरा असा उजळायचा, की माझाच जीव कासावीस व्हायचा आणि पाठोपाठ रागही यायचा. इतकी माया आहे तर माणसानं जाऊन आणू नये? एकदा तोंडावर तसं बोललेच मी.

अप्पांनी गल्ल्याखालून एक कागद काढला. अर्जी होती, अदालतीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अर्जीनवीसाच्या वळणदार उर्दूत. "वाचून दाखवतो," म्हणाले. "मुस्तगीसा, म्हंजे फिर्याद करणारी, सुभद्रा. मुल्जिम, म्हंजे आरोपी, माणिकअप्पा."

"तुम्हीच मुल्जिम?"

"मीच."

मग कळलं. तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झालेली. घराची भिंत बांधायला गवंडी आला होता. सुभद्राक्का त्याच्याशी हसून बोलली, आणि अप्पांचं डोकं फिरलं. भर बाजारात, चार लोकांत, ते तिच्याबद्दल एक वाक्य बोलले. लोक हसले. वाक्य कोहिनूरला पोचलं, तिच्या धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. सुभद्राक्का एक लुगडं घेऊन निघून गेली.

"खोटं होतं, चंद्रा. बोलतानाच मला ठाव होतं खोटं हाय म्हणून."

तेव्हापासून अप्पांचा एकच ध्यास. तिनं फिर्याद करावी, आपण गुन्हा कबूल करावा, हाकिमानं भरल्या अदालतीत सांगावं की ती बाई निर्मळ आहे. पण ज्याची अब्रू गेली त्यानंच फिर्याद करायची असते. अप्पांना स्वतःवर फिर्याद करता येईना. मुदतही कधीच टळलेली, वकीलसाहेबांनी दहादा सांगितलेलं. तरी हा माणूस दर साली नवी अर्जी लिहून घ्यायचा, आणि न्यायची हिंमत होत नाही म्हणून जुनी फाडायचा.

"तू ने," म्हणाले. "नुसता अंगठा पायजे तिचा."

मी नेली. सुभद्राक्का ओसरीवर तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. ती सूप न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "ते काय बोलले होते ते अदालतीत वाचावं लागंल न्हवं?"

"लागेल."

"म्हंजे पुन्हा एकदा, माझ्यादेखत, सगळ्यांपुढं?" तिनं सूप खाली ठेवलं. "बाजारात बोलले, बाजारात माघारी घ्यावं. त्यांना कोण अडवलंय?"

एवढा कायदा पाठ असलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं! मी परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या बाजारच्या दिवशी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून आले, आणि स्वतःच्या दुकानाच्या फळीवर चढून उभे राहिले. मीच खालून फळी धरली.

"लोकहो, माझ्या बायकोबद्दल, सुभद्राबद्दल, मी हितं एक वाक्य बोललो होतो. ते खोटं होतं. पाप माझं होतं. ती सोन्यासारखी हाय."

बाजार थांबला. कुणीतरी विचारलं, "कोण सुभद्रा?" दुसरा म्हणाला, "काय बोलला होतास, अप्पा?" तेव्हा ऐकलेल्यांतले निम्मे मेले होते, उरलेले विसरले होते. पोरीसोरी तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"काय बोललो ते सांगणार न्हाई," अप्पा म्हणाले. "खोटं होतं, एवढंच ध्यानात ठेवा." आणि उतरले.

दुसऱ्याच दिवशी मी कोहिनूर गाठलं. सुभद्राक्कानं सगळं खोदून खोदून विचारलं. बाजार भरला होता का? मोठ्यानं बोलले का? ते वाक्य पुन्हा उच्चारलं का? "नाही," मी म्हणाले. तेव्हा ती पदरात तोंड लपवून रडली, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला निरोप दिला, तो एकाच ओळीचा.

परतले तर अप्पा दुकानाबाहेर येऊन उभेच.

"येते म्हणाली?"

"नाही अप्पा."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, एवढ्याला वीस वर्षं कामून लावली?"

अप्पा फळीवर बसले. अदालत सुटली होती, दुकानापुढं गिऱ्हाइकांची गर्दी होती, वकीलसाहेब पानासाठी हात पुढं करून उभे होते. अप्पांना कुणीच दिसत नव्हतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "ती वाट बघत होती."