पंचवीस अंशांचा ठराव

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, जळगाव-धुळे हायवेवरच्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तापमान त्रेचाळीस अंश होते. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका लाल द्रावणाचा समतोल स्थिरांक, म्हणजे 'के', काढायचा होता. एकतीसपैकी तीस विद्यार्थ्यांचे उत्तर पुस्तकाप्रमाणे एकशे अडतीस आले. नशिराबादच्या मृणाली सपकाळेचे एकशे एकोणीस आले, कारण तिने प्रयोग केला होता.

बाहेरून आलेले परीक्षक पितांबर सर यांनी तिला स्थिरांक या शब्दाचा अर्थ विचारला. तिने सांगितले की तापमान स्थिर असेल तरच तो स्थिर राहतो. पुस्तकातला आकडा पंचवीस अंशांचा आहे, आणि ही अभिक्रिया अशी की उष्णता वाढली की के उतरतो. सरांनी सगळे ऐकून घेतले, कपाळावरचा घाम पुसला आणि तिला नापास केले.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, नऊ वर्षे कंत्राटी असलेल्या ज्योती मॅडम मृणालीची बाजू मांडायला प्राचार्य प्रेमराज सरांकडे गेल्या. प्राचार्य स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टर, त्यामुळे मुलगी बरोबर आहे हे त्यांना तात्काळ कळले. पण ती बरोबर ठरली तर तीस जण चूक ठरत होते, आणि महिनाअखेर मूल्यांकनाचे पथक येणार होते. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्षपदी, विषयाची माहिती असल्यामुळे, पितांबर सर.

समितीने मृणालीला एकदा बोलावले. मिश्रण आत्ता कुठे आहे ते 'क्यू' सांगतो, शेवटी कुठे स्थिरावेल ते 'के' सांगतो, आणि दोन्ही मिश्रणालाच विचारावे लागतात, असे तिने सांगितले. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : "क्यू व के यांत तफावत आढळल्यास के प्रमाण मानावा व क्यूने स्वतःत आवश्यक ती सुधारणा करावी." समितीच्या संपूर्ण अहवालात शास्त्राला धरून असलेले हे एकच वाक्य, आणि तेही अनवधानाने लिहिले गेले होते.

पुढच्या ठरावाने प्रयोगशाळेचे तापमान कायमस्वरूपी पंचवीस अंश समजण्यात आले. साहजिकच पंखे अनावश्यक ठरले. चारही पंखे आणि कूलर समितीच्या खोलीत हलवले, कारण त्या खोलीच्या तापमानाविषयी कोणताही ठराव नव्हता.

मे महिन्यात प्रयोगशाळेतले परिचर झुलालआबा काचसामान धुता धुता कोसळले. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. कार्यालयाने रजेचा अर्ज परत पाठवला : पंचवीस अंशांत उष्माघात संभवत नाही, सबब योग्य कारण नमूद करावे. ज्योती मॅडम दवाखान्यात भेटायला गेल्या तेव्हा आबांनी सलाईन लावलेल्या हातानेच तो कागद पुढे केला.

"मॅडम, माले ठराव समजना नही," ते म्हणाले. "पण पंचवीसमा इतला घाम येस का?"

मॅडमनी कारणाच्या जागी अशक्तपणा असे लिहून दिले. रजा त्याच दिवशी मंजूर झाली.

जूनमध्ये मृणालीची फेरपरीक्षा लागली. त्याच आठवड्यात मॅडमच्या कराराचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी होता. परीक्षेआधी मृणाली मॅडमना भेटली आणि काय लिहू, एवढेच तिने विचारले.

"एकशे अडतीस लिही," त्या म्हणाल्या. "एम.एस्सी.ला जा. तिथे खरं लिही."

मृणालीने पहिल्याच मिनिटात आकडा लिहिला आणि उरलेले तीन तास कोरड्या फ्लास्कसमोर बसून काढले. तिला विशेष प्रावीण्य मिळाले. एम.एस्सी.च्या पहिल्या प्रात्यक्षिकाला तिथल्या सरांनी सांगितले की मागच्या वर्षीच्या वह्या कपाटात आहेत, वेळ वाया घालवू नका.

ही हकीकत ज्यांनी ज्यांनी ऐकली, ते पोट धरून हसले. तुम्हीही हसला असाल. मग आता तुमची बारावीची जर्नल आठवा, आणि ती कोणाच्या जर्नलवरून उतरवली होतीत, त्याचं नाव सांगा.