चारशे बारा जुळले

मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात जयराम रविवारी सकाळपासून संगणकापुढे तंद्री लावून बसला होता. दोन फोटोंतल्या सारख्या जागा शोधायच्या, त्या रंगीत रेषांनी जोडायच्या आणि किती जुळल्या तो आकडा वर दाखवायचा, असा प्रोग्राम त्याने कंपनीसाठी लिहिला होता. चाचणीला दोन फोटो हवे होते. एक त्याने स्वतःचा जुना निवडला. दुसरा वणीच्या प्रतिभाचा, स्थळ म्हणून आलेला. तो स्कॅन करून का ठेवला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बटण दाबताच त्याच्या फोटोतून हिरव्या-जांभळ्या रेषा निघाल्या आणि तिच्या फोटोत जाऊन विसावल्या. किती म्हणून रेषा! खिडकीतून शेवंतीचा वास येत होता, चहा केव्हाच गार झाला होता, आणि जयराम एकेका रेषेवरून मनातल्या मनात वणीला जाऊन परत येत होता.

"हे काय रे?" मागून आईने, अंबूबाईने, विचारलं.

"जुळतंय ते मोजतोय, आई."

"किती जुळलं?"

"चारशे बारा."

अंबूबाईने डोक्यावरची फुलांची पाटी खाली टेकवली. "अगं बाई! छत्तीसातले अठरा जुळले तरी लोक लगीन लावतात!"

जयराम भानावर येईपर्यंत वणीला फोन गेलासुद्धा. पुढच्या रविवारी प्रतिभाचे वडील रंगनाथ दारात हजर. हा चमत्कार बघायचाच म्हणून प्रतिभाही हट्टाने बरोबर आली होती. ती उंबऱ्यातून आत आली तेव्हा जयराम "या" म्हणायचंही विसरला.

अंबूबाईने सगळ्यांना संगणकापुढे नेलं. प्रतिभा वाकून बघत राहिली.

"माझ्या चेहऱ्यावर तर एकही रेष नाही," ती म्हणाली. "सगळ्या मागच्या पडद्यावर आहेत."

जयरामने डोळे चोळून पाहिलं. दोघांच्याही मागे तेच रंगवलेलं तळं, तीच कमळं, तेच दोन हंस. पंचवटीतला स्टुडिओ एकच! हंसाला हंस जुळले होते आणि जयराम आठवडाभर हवेत तरंगत होता.

"पडदा कापून मोजा ना," प्रतिभा म्हणाली.

त्याने कापला. मोजलं. आकडा आला, शून्य.

"शून्य म्हंजे लय वाईट," अंबूबाई पुटपुटली. "नको बाई. मशीन काय खोटं बोलत नाय." रंगनाथ उठले. त्यांचा एक पाय चपलेत गेलाही.

"आई, ते बिनडोक आहे!" जयराम एकदम ओरडला. "त्याला माणसातलं काही म्हणजे काही कळत नाही. तुझ्याशेजारी बाबांचा फोटो ठेवला तरी शून्यच दाखवील. अगदी टाकाऊ प्रोग्राम आहे!"

"लिहिलाय कुणी?" प्रतिभाने विचारलं.

"मीच."

प्रतिभाने ओढणी तोंडाशी धरली, पण हसू काही आवरेना. जयराम त्या हसण्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला.

रंगनाथांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग चपलेतला पाय हळूच बाहेर काढला आणि खाटेवर मांडी घालत ते म्हणाले, "विहीणबाई, चहा टाका परत."