पडद्यामागची मगर

मुलांनो, डोळे मिटा आणि रत्नागिरीच्या बंदराजवळचा एक तंबू डोळ्यांसमोर आणा. आत सिनेमा चालू आहे. तेव्हाची चित्रं हलत, पण बोलत नसत. मधूनमधून पडद्यावर अक्षरं उमटत. ज्याला येई त्याने ती मोठ्याने वाचायची.

त्या दिवशी वाचायला कोळीवाड्यातली शकू होती. ‘मगरीवरचा राजकुमार’ या गोष्टींची चारही पुस्तकं तिने जाळी विणणाऱ्या बायकांना वाचून दाखवली होती. त्या गोष्टींचा सिनेमा आला म्हटल्यावर सगळ्याजणी लोटल्या. आजी आवडाबाईने मात्र बजावलं होतं, “मगर दिसली नाय तर तुझी पुस्तकं खोटी. उद्यापासून शाळा बंद, टोपली डोक्यावर!”

पडद्यावर समुद्र आला. मग हिंदुस्थानी अक्षरं आली. शकूने खणखणीत वाचलं, “समुद्र गहरा था, मगर राजकुमार न डरा!” आणि लगेच अर्थही सांगितला, “समुद्रात मगर हाय, पण राजकुमार डरला नाय!”

टाळ्या पडल्या. पण दिसली ती नुसती होडी.

“मगर कुठं हाय गो?” आजीने विचारलं.

तेवढ्यात पुढची पाटी आली. “नाव छोटी, मगर मजबूत!”

“बघ, मजबूत हाय म्हणतायत!” शकू म्हणाली.

तेव्हा मुंबईच्या गिरणीत काम करून आलेला काशीराम मागून ओरडला, “अगो येडे, हिंदुस्थानीत मगर म्हंजे ‘पण’!”

तंबूभर हशा उसळला. शकूचं तोंड एवढंएवढंसं झालं. सिनेमावाल्यांनी मगर गाळलीच होती. आजी वळून तिच्याकडे बघायला लागली.

आता बायकांचं लक्ष होडीकडे गेलं. राजकुमार कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा होता.

“वल्हं नाय, शीड नाय, आणि चाललाय कसा मेला?” जाळी विणणारी जनी म्हणाली.

शकू ताडकन उठली. “कसा म्हंजे? मगर खालून ओढतेय ना!”

मग सगळ्याजणी पाण्यात निरखून बघू लागल्या.

“ती बघ, शेपटी हलली!” आवडाबाई ओरडली. थोड्या वेळाने काशीरामलाही ती दिसली.

खेळ संपल्यावर तंबूचे मॅनेजर लगबगीने आले. शकू आजीच्या पाठीमागे लपली.

“आजी, नातीला पुढच्या आठवड्यातही पाठवा,” ते हात जोडून म्हणाले. “ह्याच गोष्टींतल्या राक्षसावर वेगळा सिनेमा काढलाय, ‘राक्षसाचं लग्न’. पण त्यात राक्षसच नाही हो!”

आवडाबाईने पदर खोचला. “येईल. पण शाळा सुटल्यावर!”

हे ऐकल्यावर शकू हळूच पुढे आली, तिने मॅनेजरांचा कोट ओढला आणि म्हणाली, “लग्नात अंतरपाट धरलाय ना? मग राक्षस त्याच्यामागं उभा हाय म्हणून सांगते!”