पहाऱ्याचा चहा

ईश्वर सामंत अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. जगातला प्रत्येक माणूस काहीतरी खिशात घालून गेटबाहेर निघालाय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मिरा रोडला शांती नगरात ब्लॉक घेतल्यावरही ही सवय सुटली नाही. दुधाची पिशवीसुद्धा तो उजेडात धरून बघायचा.

बायकोला, सुचेताला, थायरॉइड निघाला तेव्हा मात्र तो जरा वरमला. वर्षभर ती दमत होती, भर मे महिन्यात अंगावर चादर ओढत होती, कंगव्यात केसांचा गुंता यायचा आणि वजन वाढत होतं. सगळे तिला आळशी म्हणत आणि त्यात ईश्वरचा आवाज सगळ्यांत मोठा. रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. "रोज सकाळी उपाशीपोटी. वजन हळूहळू उतरेल, घाई करायची नाही." आपण आळशी नसून आजारी आहोत, हे ऐकूनच सुचेताला निम्मं बरं वाटलं.

शांती नगरात नळाला पाणी पहाटे यायचं. सुचेता उठायची, घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि पिंपं भरायला लागायची. चहाला पुढे चांगला तासभर जायचा. दोन महिन्यांत चेहऱ्याची सूज उतरली, जिना चढताना ती मध्ये थांबेनाशी झाली. वजनही थोडं उतरलं आणि मग अडलं.

"भाकरी अर्धी, तेल चमचाभर, गोड बंद," ईश्वर म्हणाला. "मग काटा अडतो कसा?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, वेळ लागतो."

स्टोअरकीपरला हे पटेना. माल कुठूनतरी आत येतोय, एवढं नक्की.

रविवारी केबिन रोडवर भाजी घेऊन झाल्यावर त्याने तिला भाईंदर स्टेशनवरच्या दिवे लुकलुकणाऱ्या वजनाच्या यंत्रावर उभं केलं. कार्ड बाहेर पडलं. वजन तेवढंच होतं. पण मागे भविष्य छापलं होतं, 'निकट के व्यक्ति से सावधान.'

"काय लिहिलंय हो?"

"काही नाही. धंद्यात बरकत," म्हणत त्याने कार्ड खिशात घातलं. नाणं त्याने टाकलं होतं, तेव्हा भविष्यही त्याचंच. आणि घरात निकटची व्यक्ती एकच होती. ती रोज पहाटे, सगळं जग झोपलेलं असताना, स्वयंपाकघरात एकटी असायची. डब्यांच्या संगतीत.

दुसऱ्या दिवशी नळ सूं सूं करायला लागला आणि ईश्वर उठून स्वयंपाकघरात आला.

"अहो, एवढ्या पहाटे?"

"झोप येत नाही. म्हटलं, चहा करावा."

लग्न झाल्यापासून या गृहस्थाने गॅस पेटवला नव्हता. सुचेता बघतच राहिली. तिने गोळीसाठी पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात त्याने कप पुढे केला.

"गार पाण्याने कशाला? गरम चहाबरोबर घे."

"उपाशीपोटी सांगितलीय."

"मग? चहाने कधी उपास मोडलाय? आमची आई चतुर्थीला चंद्र उगवेपर्यंत चहावर असायची."

सुचेताची आईही तशीच होती. पोहे म्हणजे खाणं. चहा म्हणजे काहीच नाही. शिवाय नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेला, दूध जरा जास्तच झालेला चहा. तिने डोळे पुसून गोळी गिळली.

मग हे रोजचंच झालं. सुचेताने शेजारच्या हंसाबेनला कौतुकाने सांगितलं, "ये रोज सुबह मेरे लिए उठते हैं, चाय बनाते हैं."

"अरे वाह! आमारे ये तो पानी का ग्लास भी नहीं उठाते!"

तेव्हापासून हंसाबेन जिन्यात ईश्वरकडे बघून कौतुकाने हसायला लागली. त्याने त्या हसण्याचा बरोबर उलटा अर्थ लावला. हीच ती! थेपले हिच्याकडूनच येतात!

श्रावण सरेपर्यंत वजन पुन्हा वाढलं. दुपारी सुचेताला डोळे उघडे ठेवणं कठीण व्हायला लागलं, कंगवा पुन्हा भरायला लागला. ईश्वरने पहारा कडक केला. केबिन रोडवरून चिवडा आणून मुद्दाम समोरच्या फळीवर ठेवला आणि डब्याला स्टोअरमधल्या पद्धतीने दोऱ्याची गाठ मारली. संध्याकाळी बघावं तर गाठ जशीच्या तशी. चिवडा मऊ पडून फुकट जाऊ नये म्हणून तो स्वतःच संपवायचा आणि नवा भरून ठेवायचा.

"मी काहीसुद्धा खात नाही हो," सुचेता एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?" म्हणत त्याने चहात आलं वाढवलं.

शेवटी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. "थायरॉइड पुन्हा बिघडलाय. वजनही वाढलंय. खरं सांगा, गोळ्या चुकवता? चोरून काही खाता?"

सुचेताचे डोळे भरून आले. आणि ईश्वरला एकदम राग आला. आपल्या बायकोवर संशय घ्यायचा तर आपण घेऊ, बाहेरच्यांनी काय म्हणून?

"शक्यच नाही, डॉक्टर!" तो उसळून म्हणाला. "डब्याला माझी गाठ असते. पहाटे मी स्वतः पहाऱ्यावर असतो. गोळी माझ्यासमोर घेते, मी केलेल्या चहाबरोबर!"



"चहाबरोबर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पहाऱ्यावर?" सुचेता म्हणाली.

आधी कोणाला उत्तर द्यावं हे त्याला कळेना. "चहा उपासाला चालतो," तो पुटपुटला.

"उपासाला चालतो, या गोळीला चालत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग तासभर चहासुद्धा नाही. कधीपासून पाजताय?"

"आषाढापासून."

"आणि वजन कधीपासून वाढतंय?"

ईश्वर बोटांवर महिने मोजायला लागला. डॉक्टरीणबाईंची नजर त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली. "तुम्ही उभे राहा बघू काट्यावर." तो उभा राहिला. काटा जो सरकला, तो बघून डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. सुचेता मात्र हसली नाही.

घरी येताना ती रिक्षात एकच वाक्य बोलली. "मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी उठता."

स्टोअरकीपरने खिशातल्या पाकिटातून ते वजनाच्या यंत्राचं कार्ड काढून पुन्हा वाचलं. भविष्य अगदी खरं निघालं होतं. फक्त कार्ड तिचं होतं.

दुसऱ्या पहाटे नळ वाजला आणि तो उठलाच. पेला भरून त्याने तिच्या हातात दिला, तिच्या हातातला पाइप घेतला आणि सगळी पिंपं स्वतः भरली. तासाभराने सुचेता म्हणाली, "करा आता चहा." त्याला हायसं वाटलं. चहा गाळून झाल्यावर त्याचा हात सवयीने चिवड्याच्या डब्याकडे गेला.

डब्याला दोरा होता, पण गाठ त्याची नव्हती. आणि सुचेता स्टूल ओढून बरोबर डब्यासमोर बसली होती.

"तू इथे काय करतेयस?"

"काही नाही," चहाचा घोट घेत ती म्हणाली. "झोप येत नाही. म्हटलं, बसावं."