गणिताच्या बाईंना सत्त्याण्णव गुण

शिक्षकाला शिकवता येतं की नाही हे मुलांवरून ठरवण्याची जुनी पद्धत अत्यंत अशास्त्रीय होती, कारण तिच्यात मुलांचा हस्तक्षेप फार होई. म्हणून शाळेने वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक यंत्र बसवलं. ते तासभर शिक्षकाला बघे, ऐके आणि घंटा होताच शंभरपैकी गुण देई. शिक्षक कमी आणि मुलं जास्त बोलली की गुण वाढत. प्रश्न विचारून शिक्षक थांबला की वाढत. हसला तरी वाढत (तासाला तीनदा, त्यापुढचं हसणं शंकास्पद मानलं जाई).

यंत्राला मन नसतं, हे लक्षात घेऊन मानवी अभिप्रायाचीही सोय केली होती. एका सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर एक कौतुक, एक सूचना, पुन्हा एक कौतुक, या क्रमाने बोलायचं. गणिताच्या बाईंच्या वाट्याला खेळाचे सर आले.

"बाई, फळा झकास पुसता तुम्ही," सर म्हणाले. "मुलं फार बसून असतात, तेवढं बघा. आणि खडूसुद्धा चांगला धरता."

यंत्राने एकतीस दिले. (यंत्राच्या चाचणीच्या दिवशी रिकाम्या वर्गाला चव्वेचाळीस मिळाले होते.)

पन्नासच्या आत राहणाऱ्याचा वर्ग काढून घ्यायचा, असं ठरलेलं. बाईंकडे नववी होती, आणि ती पाचवीपासून त्यांच्याकडेच होती. अपूर्णांक दिसला की पोटात दुखणारी ही पोरं त्यांनी हाताला धरून समीकरणांपर्यंत आणली होती. तो वर्ग हातचा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी कंबर कसली. घरीही सराव सुरू केला. "चहा घेणार का?" असं नवऱ्याला विचारून त्या नियमाप्रमाणे गप्प उभ्या राहत. बिचारा घाबरून स्वतःच चहा टाकू लागला. (ही प्रगती यंत्राच्या कक्षेबाहेरची असल्याने तिचे गुण मिळाले नाहीत.) वर्गात मात्र कोणाचं गणित अडलं की बाईंना राहवत नसे, त्या समजावत सुटत. गुण झाले चौतीस.

शेवटच्या मूल्यमापनाच्या सकाळी बाईंचा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि खुर्चीत बसून राहिल्या. मुलं तासभर मनसोक्त बोलली: सहल, कोणाच्या तरी मावशीचं लग्न, जिन्याखाली व्यालेली मांजर. बाई अधूनमधून "काय चाललंय?" असा हात उडवत आणि उत्तराची वाट बघत. मांजरीच्या गोष्टीला त्यांना हसू आलं, नेमकं तीनदा.

यंत्राने सत्त्याण्णव दिले.

"बाई, आज तास काय रंगला होता," खेळाचे सर मनापासून म्हणाले. "खुर्ची तेवढी खिडकीपाशी घ्या, वारा लागेल. बाकी बसता छान."

मुख्याध्यापकांनी नववी बाईंकडेच ठेवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण स्वभाव सरळ, त्यामुळे त्या घोगऱ्या आवाजात कशाबशा म्हणाल्या, "सर, मी आज काहीच शिकवलं नाही हो."

"तेच तर बाकीच्यांना जमत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

तो तास आदर्श म्हणून सर्व शिक्षकांना दाखवण्यात आला. आठवड्याभरात निम्म्या शिक्षकांचे घसे बसले आणि शाळेची सरासरी गगनाला भिडली. गुण पालकांच्या मोबाइलवर गेले. पालकांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. एकाने तर चुकून पेढ्यांऐवजी केकचं चित्र पाठवलं, तेही गोड मानून घेण्यात आलं.

या सबंध योजनेत एक लहानशी बाब मात्र राहून गेली. फळ्यावरचं ते समीकरण मुलांना सुटलं का, हे यंत्राने विचारलं नाही, खेळाच्या सरांनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही, पालकांनीही नाही. आणि तुम्ही? बाईंचा वर्ग वाचला म्हणून, खरं सांगा, तुम्हीही खूशच झालात.