दिवा जरा वर घ्या

बोधनकर काका कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात. यजमान दारात ‘या, या’ करत उभा असतो, घरची बाई पाण्याचा ग्लास घेऊन ताटकळते आणि काका मान वर करून दिव्याची विचारपूस करत असतात. मग शर्टाच्या खिशातून लक्स मीटर बाहेर येतं. पत्त्यांच्या जोडाएवढी ही डबी उजेड मोजते. काका ती जेवणाच्या टेबलावर ठेवतात, आकडा वाचतात आणि बहुतेक वेळा एकच निकाल देतात, ‘‘दिवा जरा वर घ्या.’’ अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूमधल्या कित्येक मराठी घरांतले लटकते दिवे काका येण्याआधी वीतभर खाली होते.

पुण्याजवळच्या एका बल्बच्या कारखान्यात त्यांनी प्रयोगशाळेत उमेदीची सगळी वर्षं काढली. दिवा कसा जळतो, किती जळतो आणि कधी मरतो हे बघत बसायचं काम. पुढे गोदामं आणि पार्किंगच्या जागांवर दिवे बसवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने त्यांना बोलावलं, आणि ज्या वयात लोक निवृत्तीनंतरचा फ्लॅट शोधतात त्या वयात काका शैलाकाकूंना घेऊन इथे आले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. मी नागपूरची, व्हिसावर आलेली, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेत असल्यामुळे माझं आणि काकांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

काकांची दोन सुभाषितं होती. पहिलं, ‘‘उजेड म्हणजे मीठ. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही.’’ दुसरं, ‘‘अंतर निम्मं, उजेड चौपट.’’ दिवा अर्ध्या अंतरावर आणला की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. मुलगा-सून न्यू जर्सीला का राहतात असं कोणी विचारलं तरी ते हेच सांगायचे. लांब आहेत, म्हणून सोसतं.

मंडळाच्या गणपतीत त्यांनी मखरातले निम्मे दिवे काढायला लावले. मूर्तीला घाम फुटेल, म्हणाले. कमिटीने ऐकलं, कारण काकांशी वाद घालण्यापेक्षा दिवे काढणं सोपं होतं. पण पुढे काका थाळी घेऊन आले की लोक हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकायला लागले. काकांना ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते शांतपणे एकटे जेवायचे आणि जेवताना छताकडे बघायचे.

अशा माणसाला हॅरल्ड सापडला.

हॅरल्ड आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचा. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, पोटाच्या कॅन्सरचे उपचार चाललेले. एका संध्याकाळी काका फिरायला निघाले असताना त्यांना त्याच्या पडद्याच्या फटीतून पिवळाधमक उजेड दिसला. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. काका थांबले. सोडियमचा दिवा आहे, चारशे वॉटचा आहे आणि चुकीच्या उंचीवर आहे, एवढं त्यांना रस्त्यावरूनच समजलं. त्यांनी दार वाजवलं. हॅरल्डने घाबरत दार उघडलं, तर हे म्हणाले, ‘‘सर, तुमचा लॅम्प फार जवळ आहे.’’

कपड्यांच्या मोठ्या कपाटातले कपडे काढून हॅरल्डने तिथे गांजाची चार रोपं लावली होती. उपचार सुरू झाल्यापासून त्याचं अन्नच तुटलं होतं. घास बघितला तरी पोटात ढवळायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालेनात. गांजाने मात्र मळमळ थांबून तो दोन वेळा जेवू शकत होता. डॉक्टरांचं पत्र होतं, राज्याच्या कायद्याची परवानगी होती. पण मित्राने दिलेला साठा संपला होता, आता सगळी भिस्त या चार रोपांवर, आणि त्यांच्या पानांच्या कडा करपत चालल्या होत्या. औषधाचा गुण रोपांच्या फुलांत, म्हणून फुलं धरली तर हॅरल्ड जेवणार होता. इतका सरळ हिशोब होता तो.

शैलाकाकूंनी डोक्याला हात लावला. ‘‘आपल्याकडे गोसावी ओढतात ते,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘आणि ह्यांची ग्रीन कार्डची फाइल अजून लटकलेली.’’ मीच काकांना त्यांच्या ग्रीन कार्डच्या वकीलबाईंना फोन लावून दिला. राज्य चालवून घेतं, पण देशाचा कायदा घेत नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तर अजिबात नाही, असं वकीलबाईंनी चांगलं लांबलचक समजावलं. त्या घराकडे फिरकू नका, पानाला हात लावू नका, म्हणाल्या. काकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. पानाला हात लावायचा नाही. ठीक. दिव्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.

आणि आपण पानाला हात लावत नाही हे बघायला त्यांना एक साक्षीदार हवा होता. तो मान माझ्याकडे आला. माझासुद्धा व्हिसा आहे, काका, असं मी म्हणून बघितलं. त्यावर ते म्हणाले, तुझी तर अजून फाइलच गेली नाही, तुझं काय अडकणार.

मग रोज संध्याकाळी आमची वरात. काका कपाटाच्या उंबऱ्यावर उभे राहायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. आधी मीटर. मग मीटर खिशात ठेवून पालथा हात रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर धरायचे आणि डोळे मिटायचे. यंत्र आकडा सांगतं, पण शेवटचा शब्द हाताचा, असं त्यांचं मत. हाताला चटका सोसला नाही तर पानालाही सोसत नाही. हॅरल्ड ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसलेला असायचा आणि काकांच्या सांगण्यावरून दिवा टांगलेल्या साखळीची एकेक कडी वर-खाली करायचा. दोन दिवसांत काका साखळीला कंटाळले. एक कडी म्हणजे फार झालं, म्हणाले, हा काय ट्रक ओढायचाय. त्यांनी दोरी आणि दोन कप्प्या आणल्या. मग दिवा बोटाबोटाने सरकायला लागला.

भिंतींना हॅरल्डने स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल चिकटवली होती. काकांना ती बघवेना. फॉइल उजेड एका जागी गोळा करते आणि तिथलं पान भाजतं, त्यापेक्षा साधा पांढरा रंग बरा. तो रंग शनिवारी कोणी लावला हे सांगायला नको. साक्षीदाराने रंग लावू नये असं वकीलबाई म्हणाल्या नव्हत्या.

मी थट्टा करते आहे खरी, पण मनातून मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं. काका त्या चार रोपांकडे गांजा म्हणून बघतच नव्हते. हे शेंड्याला उष्णतेने त्रासलेलं, ते कोपऱ्यातलं उजेडासाठी मान लांब करून काटकुळं झालेलं, त्याला जरा मधे सरकवा, अशी ते चौकशी करायचे. आणि रोपांना कळल्यासारखा फरक पडला. करपणं थांबलं, नवी पानं हिरवीगार आली, फुलं धरायला लागली. हॅरल्ड त्यांना रोज विचारायचा, आजचा उजेड कसा आहे? एकदा परत येताना काका मला म्हणाले, ‘‘या देशात आल्यापासून मला हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय.’’

पण फुलं पिकायला वेळ लागतो आणि हॅरल्डकडे तेवढा धीर धरण्याइतकं अंग उरलं नव्हतं. पट्टा आवळूनही पँट कमरेवर राहीना. खुर्चीतून उठून दोरी धरायची तर भिंतीचा आधार घ्यावा लागे. शैलाकाकूंचा विरोध कधी मावळला ते मला कळलंच नाही, पण त्यांच्याकडून डबा जायला लागला. तो जसाच्या तसा परत यायचा. काका त्या डब्याचं झाकण उघडून बघायचे आणि परत लावायचे. दिवा अजून खाली घेऊया का, लवकर पिकेल, असं हॅरल्डने एकदा विचारलं होतं. काकांनी त्याला मिठाचं सुभाषित ऐकवलं होतं. घाई केली तर हातचं जाईल.

त्या आठवड्यात आमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तीन-चार दिवस मी ऑफिसातच होते, साक्षीदारकीला सुट्टी. शनिवारी सकाळी खाली उतरले तर शैलाकाकूंनी माझ्या हातात गरम डबा दिला. हे तिकडेच आहेत, कालपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, तू बघ काय झालंय ते, म्हणाल्या.

काका कपाटाच्या आत, रोपांमध्ये उभे होते. शेंड्यांची पानं कागदासारखी पांढरी पडली होती, फुलांचे तुरे वाळून चुरा झाले होते, आणि काका ती पानं एकेक करून हाताने काढत होते. मी दोरीकडे बघितलं. दिवा पार खाली आलेला होता. हॅरल्ड दोन दिवस पलंगावरून उठलाच नव्हता, म्हणजे दोरी त्याने सोडली नव्हती. काका एकटेच येऊन दिवा खाली करून गेले होते. अंतर निम्मं, उजेड चौपट, हे आम्हा सगळ्यांकडून घोकून घेणाऱ्या माणसाने.

पुढचं आधीच सांगून टाकते. खालच्या फांद्या सावलीत असल्यामुळे वाचल्या. महिन्याभराने त्यांच्यावर जे काही आलं ते हॅरल्डला बराच काळ पुरलं. काकांचं ग्रीन कार्डही यथावकाश आलं. पण त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. त्या सकाळी सगळं गेलं असंच आम्हाला वाटत होतं.

हॅरल्ड भिंत धरत धरत दारात आला. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि बोलायला लागले, ते मराठीतच. ‘‘मी घाई केली हो. तुम्ही जेवत नाही ते मला बघवेना. लवकर व्हावं म्हणून मी दिवा खाली घेतला. मी. मला कळत होतं आणि तरी घेतला.’’ नेहमी इंग्रजीत ग्रामर सांभाळून बोलणारा हा माणूस, त्याला आपण कुठल्या भाषेत बोलतोय याचंही भान नव्हतं. मी हॅरल्डला त्याचं इंग्रजी करून सांगितलं. कालपासून हे जेवलेले नाहीत, तेही सांगितलं.

हॅरल्डने पांढऱ्या पडलेल्या रोपांकडे बघितलंसुद्धा नाही. तो खुर्चीत बसला आणि माझ्या हातात काय आहे ते त्याने विचारलं. भाताची पेज, मीठ आणि थोडं तूप, मी म्हटलं. त्याने चमचा मागितला.

पहिला चमचा त्याने कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. दुसऱ्याला डोळे गच्च मिटले. मधेच कपाळावर घाम आला, मला वाटलं आता सगळं उलटून पडणार. पण त्याने काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा चमचा भरला. भूक लागलेला माणूस असा खात नाही. समोरच्याचं मन दुखू नये म्हणून खाणारा माणूस असा खातो. मला रडू आवरेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

अर्धी पेज संपल्यावर त्याने डबा काकांपुढे धरला. ‘‘माझं झालं. आता तू.’’

काकांनी पोटच्या मुलाचंही उष्टं कधी खाल्लं नव्हतं, हे मला शैलाकाकूंकडून ठाऊक होतं. ते हॅरल्डच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी तोच चमचा घेतला, आणि उरलेली पेज संपवली.